राष्ट्राध्यक्ष, सल्लागार आणि वाहिन्या: लगाम नक्की कोणाच्या हातात?

गोदाकाठ (धागाकर्ता)

२४ ऑक्टोबर २००६. व्हाइट हाउसच्या उत्तरेकडच्या हिरवळीवर तंबू ठोकलेला. आत टेबलं, टेबलांवर माईक आणि हेडफोन. देशभरातून बोलावलेले टॉक रेडिओवाले (रेडिओवर गाणी न लावता राजकारणावर बोलणारे निवेदक) त्या दिवशी तिथूनच आपापले कार्यक्रम करत होते आणि सरकारातली बडी मंडळी एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर मुलाखती देत होती. संसदेची मध्यावधी निवडणूक (तिकडे ती राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीच्या मधोमध ठरलेलीच असते) दोन आठवड्यांवर आलेली. इराक युद्धामुळे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (धाकटे) यांची लोकप्रियता घसरलेली. आपला नाराज मतदार निदान मतदानाच्या दिवशी तरी घराबाहेर पडावा, एवढ्यासाठी हा सगळा घाट घातला होता.

या राजकारणाचा मेंदू म्हणजे कार्ल रोव्ह. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात रिपब्लिकन उमेदवारांसाठी टपालाने प्रचारपत्रं पाठवण्याचा त्यांचा व्यवसाय होता. १९९४ मध्ये बुश टेक्सासचे गव्हर्नर झाले, २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि २००४ मध्ये पुन्हा निवडून आले, या तिन्ही वेळा आखणी रोव्ह यांची. २००४ च्या विजयाच्या भाषणात बुशनी त्यांना जाहीरपणे 'शिल्पकार' म्हटलं. कुंपणावरच्या मतदाराच्या मागे धावण्यापेक्षा हक्काचा मतदार पेटवून मतपेटीपर्यंत आणायचा, ही त्यांची पद्धत. टीव्हीवरची जाहिरात सगळ्यांनाच दिसते. टॉक रेडिओचा निवेदक मात्र फक्त आपल्या माणसांशी बोलतो, रोज दोन-तीन तास, आणि ती माणसं त्याला घरातला समजतात. रोव्ह यांना यापेक्षा सोयीचं साधन कुठे मिळणार होतं?

त्याच दिवशी एनपीआर या सार्वजनिक रेडिओच्या रॉबर्ट सीगल यांनी रोव्हना विचारलं की मतदारांचे कौल तर तुमच्या विरोधात दिसतायत. त्यावर रोव्ह ठामपणे म्हणाले की तुमचं गणित तुमच्यापाशी, खरं गणित माझ्यापाशी आहे. ७ नोव्हेंबरला मतदान झालं. हाउस आणि सिनेट, संसदेची दोन्ही सभागृहं हातून गेली.

पण मला या धाग्यात बोलायचंय ते त्यानंतर आठ महिन्यांनी घडलं त्याबद्दल. बुश आणि रोव्ह या दोघांच्या मनात स्थलांतर कायद्यातल्या सुधारणेला फार मोठं स्थान होतं. कागदपत्रांविना राहणाऱ्या सुमारे सव्वा कोटी लोकांना अटी घालून कायदेशीर करायचं, सीमेवरचा बंदोबस्त वाढवायचा, आणि त्याबरोबरच हिस्पॅनिक मतदार पक्षाशी जोडायचा. डेमोक्रॅट टेड केनेडी आणि रिपब्लिकन जॉन मकेन एका बाजूला उभे राहिले, असं ते विधेयक. ते पाडलं कोणी? तंबूत ज्यांचा पाहुणचार झाला होता त्याच टॉक रेडिओने. सकाळ-संध्याकाळ एकच शब्द कानावर आदळत होता: माफी. कायदा मोडणाऱ्यांना माफी. २८ जून २००७ ला सिनेटमध्ये मतदान झालं तेव्हा श्रोत्यांच्या फोनमुळे तिथली दूरध्वनी यंत्रणा कोलमडली होती. चर्चा संपवून विधेयक पुढे न्यायला ६० मतं लागणार होती, पडली ४६. बुश यांच्याच पक्षाचे बहुतेक सिनेटर विरोधात गेले. मिसिसिपीचे ट्रेंट लॉट हे रिपब्लिकन पक्षाचे मुरलेले नेते. मतदानाच्या आधीच ते वैतागून बोलून गेले होते की सध्या देश टॉक रेडिओ चालवतोय. दोन महिन्यांत रोव्हनी व्हाइट हाउस सोडलं.

सल्लागार पत्रकारांना वापरून घेतात, यावर भरपूर लिहिलं जातं. मला त्याहून गंभीर वाटतं ते हे की आपल्या बाजूची माध्यमं एकदा राष्ट्राध्यक्षाने स्वतःच्या ताकदीचा आधार केली की त्यांच्या मनाविरुद्ध पाऊल टाकायची त्याची ताकद संपते. माझ्या मते २००७ ची ती हार ही याची पहिली स्पष्ट खूण होती. तुम्हाला काय वाटतं?

अबोली_न्यूजर्सी

धागा आवडला. त्या वर्षी मी एडिसनहून रोज गाडीने कामाला जायचे आणि वाटेत रेडिओ लावलेला असायचा. गोदाकाठ म्हणतायत तो शब्द त्या उन्हाळ्यात शेकडो वेळा ऐकला असेल. त्या विधेयकात शिक्षण, भाषा, कामाचा अनुभव यांना गुण देऊन ग्रीनकार्ड देण्याची तरतूदही होती. आपल्याकडच्या इंजिनियर मंडळींच्या ग्रुपांमध्ये त्यावर कडाक्याची चर्चा चालायची, कारण त्याने रांग लहान होणार की आणखी लांबणार, यावर दोन तट होते. रेडिओवर मात्र त्या पानांचा उल्लेखसुद्धा नाही. शेकडो पानांचं विधेयक आणि त्यातला एकच मुद्दा लोकांपर्यंत पोचला.

थोडं अवांतर: त्याच जुलैमध्ये ग्रीनकार्डाच्या रांगेतल्या भारतीयांनी स्थलांतर खात्याच्या संचालकांना निषेध म्हणून फुलं पाठवली होती, गांधीगिरी म्हणून. खात्याने ती फुलं जखमी सैनिकांच्या वॉल्टर रीड रुग्णालयात पाठवून दिली.

सडेतोड

माहिती चांगली आहे, पण चित्र एका बाजूचं आहे. केनेडींच्या काळात बेन ब्रॅडली हा न्यूजवीकचा वॉशिंग्टनमधला पत्रकार त्यांचा जवळचा मित्र होता. क्लिंटन यांचे सल्लागार जॉर्ज स्टेफनोपोलस व्हाइट हाउसमधून बाहेर पडून थेट एबीसीवर गेले. बायडन यांच्या प्रसिद्धी सचिव जेन साकी एमएसएनबीसीवर कार्यक्रम करू लागल्या. ऑक्टोबर २००९ मध्ये ओबामा सरकारच्या एका अधिकाऱ्याची सामाईक मुलाखत होती, त्यातून फक्त फॉक्स न्यूज या रिपब्लिकनांकडे झुकलेल्या वाहिनीला वगळण्याचा प्रयत्न झाला. हे सगळं डेमोक्रॅट पक्षाचं.

शिवाय मूळ वेगळंच आहे. १९४९ पासून अमेरिकेत प्रसारणात दोन्ही बाजू मांडण्याचा समतोलाचा नियम होता. रेगन यांच्या काळात १९८७ मध्ये तो रद्द झाला आणि त्यातूनच फॉक्स न्यूज जन्माला आली. मग दोष रोव्हना का?

आकाशवेडा

सडेतोड, तुमचा २००९ चा दाखला अर्धा आहे. फॉक्स नसेल तर आम्हीही येणार नाही, असं बाकीच्या वाहिन्यांनी एकजुटीने सांगितलं आणि सरकारला माघार घ्यावी लागली. माझ्या दृष्टीने त्या घटनेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे.

नियमाबद्दल: तो नियम सरकारी परवान्यावर हवेतून प्रसारण करणाऱ्या रेडिओ आणि टीव्ही केंद्रांना होता. केबलला तो लागूच नव्हता, त्यामुळे तो राहिला असता तरी ७ ऑक्टोबर १९९६ ला फॉक्स न्यूज सुरू झालीच असती. टॉक रेडिओचा आणि त्याचा संबंध मात्र खरा आहे. मी आयुष्यभर रेडिओच्या तांत्रिक बाजूला काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सत्तरीच्या दशकात संगीत एएमवरून एफएमवर गेलं, कारण तिथे आवाज स्वच्छ येतो. एएम केंद्रांकडे ट्रान्समीटर होता, परवाना होता, श्रोते नव्हते. बोललेला शब्द एएमवर व्यवस्थित ऐकू येतो आणि लांबवर पोचतो, तेव्हा तिथे बोलणारी माणसं हवी होती. १९८८ मध्ये रश लिंबॉ या उजव्या विचारांच्या निवेदकाचा कार्यक्रम देशभर जाऊ लागला. स्थानिक केंद्राला तो जवळपास फुकट मिळायचा. बदल्यात दर तासातली काही मिनिटं वितरकाला जाहिरातीसाठी द्यायची. डबघाईला आलेल्या केंद्राला दुपारचे तीन तास आयते भरून मिळाले. समतोलाचा नियम असता तर त्या तीन तासांपुढे विरोधी मताला जागा देण्याची कटकट मागे लागली असती आणि केंद्रचालक या फंदात पडले नसते.

म्हणजे रोव्हनी तंबू ठोकला तेव्हा ही यंत्रणा १८ वर्षं जुनी होती. ती त्यांनी उभी केली नाही, आयती मिळाली.

वाचनवेडी

आकाशवेडा, फार छान समजावलंत. यात एक नाव यायलाच हवं: रॉजर एल्स. १९६७ मध्ये ते फिलाडेल्फियात 'माइक डग्लस शो'चे निर्माते होते, वय २७. रिचर्ड निक्सन पाहुणे म्हणून आले असता निवडणुकीसाठी टीव्हीसारख्या क्लृप्त्या कराव्या लागतात याची त्यांनी कुरकुर केली. टीव्हीला क्लृप्ती समजलात तर पुन्हा हराल, असं एल्सनी तोंडावर सांगितलं. निक्सननी त्यांना प्रचारात घेतलं. १९६८ च्या प्रचारात एल्सनी जे कार्यक्रम बसवले त्यात निक्सन मध्ये उभे, भोवती निवडून आणलेले नागरिक प्रश्न विचारायला, आणि पत्रकारांना स्टुडिओत प्रवेश नाही. निक्सन यांच्या काळातलं एक टिपण त्यांच्या ग्रंथालयात सापडलंय, त्यावर एल्स यांच्या हस्ताक्षरात शेरे आहेत. मोठ्या वाहिन्यांना वळसा घालून पक्षाला अनुकूल बातम्यांच्या फिती थेट गावोगावच्या केंद्रांना पुरवायच्या, ही त्यातली योजना.

हेच एल्स पुढे माध्यमसम्राट रूपर्ट मर्डॉक यांच्या फॉक्स न्यूजचे पहिले प्रमुख झाले. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर त्यांनी रोव्ह यांच्यामार्फत बुशना खाजगीत निरोप धाडला: राष्ट्राध्यक्ष शक्य तितके कठोर उपाय करतायत याची खात्री असेल तोवर लोक धीर धरतील. पत्रकार बॉब वुडवर्ड यांनी २००२ मध्ये हे उघड केलं. वृत्तवाहिनीचा प्रमुख राष्ट्राध्यक्षाला सल्ला देतो आणि संध्याकाळी त्याच राष्ट्राध्यक्षाच्या निर्णयाची बातमी आपल्या वाहिनीवर देतो. सल्लागार कोण आणि पत्रकार कोण, हे सांगता येईनासं झालं ते इथे.

थोरल्या बुशची एक आठवण नोंदवते. जून १९९२ मध्ये त्यांनी लिंबॉ यांना व्हाइट हाउसमध्ये मुक्कामाला बोलावलं. बरोबर एल्स होते. लिंबॉ यांची बॅग खुद्द राष्ट्राध्यक्षांनी उचलून वर खोलीपर्यंत नेली. थोरले बुश घरंदाज वळणाचे, पाहुण्याची बॅग उचलण्यात त्यांना कमीपणा वाटला नसेल. पण पाहुणाच का बोलावला, हे निवडणुकीचं वर्ष लक्षात घेतलं की कळतं.

रानवारा

लगाम उलटला म्हणता ते पटतं, पण इराकचा उल्लेख ओझरता करून पुढे जाऊ नका. तिथे माणसं मेली.

८ सप्टेंबर २००२, रविवार. न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर जुडिथ मिलर आणि मायकल गॉर्डन यांची बातमी: सद्दाम हुसेन युरेनियम समृद्ध करण्यासाठी खास ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवू पाहतोय. माहितीचा स्रोत, नाव न सांगितलेले सरकारी अधिकारी. त्याच सकाळी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी एनबीसीवर बसले आणि म्हणाले, आजच्या टाइम्समध्येच आलंय बघा. सुरक्षा सल्लागार कोंडोलिझा राइस सीएनएनवर अणुस्फोटाच्या ढगाबद्दल बोलल्या. सरकारनेच दिलेली माहिती छापून आल्यावर सरकारच तिचा पुरावा म्हणून हवाला देत होतं. याच्या आधी ऑगस्टमध्ये व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ अँड्र्यू कार्ड यांनी इराकसाठी एक गट बनवला होता. युद्धाची बाजू लोकांपुढे कशी मांडायची हे ठरवायला. रोव्ह त्यात होते.

त्या नळ्या साध्या रॉकेटांसाठीच्या आहेत, असं ऊर्जा खात्यातल्या तज्ज्ञांचं मत तेव्हाही होतं. टाइम्सने आपल्या इराकच्या बातम्यांतल्या चुका २६ मे २००४ ला संपादकीय टिपण छापून मान्य केल्या. तोवर युद्ध सुरू होऊन वर्ष उलटलं होतं.

आणि हे फॉक्सवर झालं नाही. पक्षाचा शिक्का नसलेल्या, जगात सर्वात वजनदार समजल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रात झालं. पक्षाच्या वाहिनीवरचं ऐकून विरोधक मान हलवत नाहीत. टाइम्सने छापलं की विरोधकही गप्प होतात. म्हणून सल्लागारांना टाइम्स हवा होता.

त्याच महिन्यांत नाइट रिडर वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल शंका उपस्थित करणाऱ्या बातम्या देत होते. मंत्र्यांना न विचारता ते खात्यांमधल्या मधल्या फळीतल्या, प्रत्यक्ष कागद हाताळणाऱ्या माणसांना विचारत. त्यांची वर्तमानपत्रं मायामी, फिलाडेल्फिया, सॅन होजेसारख्या शहरांतली. वॉशिंग्टनमधल्या सत्ताधाऱ्यांच्या सकाळच्या टेबलावर ती नसत. बरोबर असूनही त्यांचं कोणी ऐकलं नाही, याचा मला आजही संताप येतो.

गोदाकाठ (धागाकर्ता)

रानवारा, मनापासून आभार. इराकच्या बाबतीत लगाम सल्लागारांच्या हातात होता, हे मान्यच. मी म्हणतो तो बदल त्यानंतरचा. ऑक्टोबर २००५ मध्ये बुशनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचं नाव सुचवलं. ओरड विरोधकांपेक्षा उजव्या माध्यमांतूनच जास्त झाली आणि २४ दिवसांत नाव मागे घ्यावं लागलं. मग २००७.

आणि मग डिसेंबर २०१८. सरकारचा खर्च चालू ठेवणारं तात्पुरतं विधेयक सिनेटने १९ तारखेला आवाजी मताने मंजूर केलं. त्यात मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीला पैसे नव्हते. ट्रम्प सही करतील असाच सगळ्यांचा समज होता. लिंबॉ रेडिओवर तुटून पडले, फॉक्सवरच्या सकाळच्या कार्यक्रमातून टीका झाली, स्तंभलेखिका ॲन कोल्टर यांनी शरणागतीचा आरोप केला. दुसऱ्याच दिवशी ट्रम्पनी नकार कळवला. आपल्या निर्धाराचा निरोप राष्ट्राध्यक्षांनी मला पाठवलाय, हे लिंबॉ यांनी स्वतः श्रोत्यांना सांगितलं. हा क्रम नीट पाहा. बुश यांच्या काळात एल्स राष्ट्राध्यक्षाला निरोप धाडत होते. इथे राष्ट्राध्यक्ष निवेदकाला निरोप धाडून खुलासा देतोय. सरकार ३५ दिवस बंद राहिलं, सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले, आणि शेवटी २५ जानेवारीला भिंतीच्या पैशाविनाच ते उघडलं.

सडेतोड

पण गोदाकाठ, भिंतीचं वचन ट्रम्पनी मतदारांना दिलं होतं. ते मोडलं जात असताना कोणी तरी ओरडायला नको का? सव्वा कोटी लोकांना कायदेशीर करू नका, असं लाखो लोकांना खरोखर वाटत होतं. २००७ मध्ये फोन करणारी माणसं खरी होती, कोणी भाड्याने आणली नव्हती. पाच-सहा सिनेटर बंद खोलीत बसून ठरवतात आणि रेडिओवाला ते लोकांना सांगतो, तर मला रेडिओवाला जवळचा वाटतो. त्याला लगाम म्हणा, मी त्याला प्रतिनिधित्व म्हणतो.

आकाशवेडा

सडेतोड यांचा मुद्दा वजनदार आहे. श्रोता खराच होता. पण अबोलीताईंनी वर लिहिलंय तेही पाहा. त्याच्यापर्यंत विधेयकातला एकच मुद्दा पोचला होता.

रानवारा

निवेदक लोकांचं म्हणणं मांडतो, की लोक सोडून जातील या धास्तीने त्यांना हवं ते ऐकवतो, याचा पुरावा २०२० ने दिला.

आधी २०१२ ची रात्र. कोणतं राज्य कोणी जिंकलं हे ठरवणाऱ्या फॉक्सच्या निकाल कक्षाने ओहायो ओबामांना दिलं. तोवर रोव्ह फॉक्सचे भाष्यकार झाले होते. त्यांनी थेट प्रक्षेपणातच तो निकाल मानायला नकार दिला. निवेदिका मेगन केली कॅमेरा घेऊन मार्गिकेतून चालत निकाल कक्षात गेल्या आणि तिथल्या माणसांना विचारलं. ते म्हणाले, आम्ही ठाम आहोत. त्याआधी केलींनी रोव्हना विचारलं होतं की रिपब्लिकन म्हणून मनाला बरं वाटावं यासाठी करता ते हे गणित, की खरं? रोव्ह सहा वर्षांपूर्वी ज्या गणिताची ग्वाही देत होते, ते त्यांच्याच वाहिनीवर असं उघडं पडलं. पक्षाच्या वाहिनीतही त्या खोलीतली माणसं हिशेबाशी प्रामाणिक होती, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

३ नोव्हेंबर २०२० ला त्याच कक्षाने ॲरिझोना बायडनना दिलं. तेही बरोबर निघालं, फरक १०,४५७ मतांचा. या वेळी प्रेक्षक चिडून न्यूजमॅक्स या दुसऱ्या उजव्या वाहिनीकडे वळू लागले. कक्षात २०१२ लाही असलेले ख्रिस स्टायरवॉल्ट यांची नोकरी जानेवारीत गेली. मतदान यंत्रांमध्ये फेरफार झाल्याचे आरोप वाहिनीवर चालू राहिले. ती यंत्रं बनवणाऱ्या डोमिनियन कंपनीने दावा लावला तेव्हा निवेदकांचे आपापसांतले संदेश न्यायालयात आले. ट्रम्प यांचा दावा तपासून पाहणाऱ्या स्वतःच्याच वार्ताहर सहकाऱ्याला काढून टाका, कंपनीचा शेअर पडतोय, असं टकर कार्लसन यांनी लिहिलेलं होतं. एप्रिल २०२३ मध्ये फॉक्सने ७८.७५ कोटी डॉलर देऊन दावा मिटवला.

सडेतोड, तुमच्या २००७ च्या श्रोत्याचा मी आदर करतो. पण त्या श्रोत्याचा आदर निवेदकांनी केला का? पडद्यामागे हसायचं आणि पडद्यावर मान डोलवायची, याला प्रतिनिधित्व म्हणता येत नाही.

सडेतोड

डोमिनियनच्या बाबतीत सहमत. तिथे प्रेक्षकांची फसवणूक झाली आणि प्रेक्षक बहुतांशी माझ्या विचारांचे होते, म्हणून मला ते जास्त लागतं. २००७ बद्दल माझं मत कायम आहे.

अबोली_न्यूजर्सी

एक प्रश्न पडलाय. आता तर वाहिनीवरून माणूस थेट मंत्रिमंडळात जातो. फॉक्सवर शनिवार-रविवारचा कार्यक्रम करणारे पीट हेगसेथ जानेवारी २०२५ मध्ये संरक्षणमंत्री झाले, तेही सिनेटमध्ये ५०-५० अशी मतं पडल्यावर उपराष्ट्राध्यक्षांच्या निर्णायक मताने. अशा वेळी राष्ट्राध्यक्षाच्या कानावर वेगळं मत जाण्याचा काही मार्ग उरतो का? पूर्वी कोणी काही केलं होतं का?

वाचनवेडी

अबोलीताई, एक जुना दाखला आहे. १९६१ मध्ये क्यूबावरच्या बे ऑफ पिग्स मोहिमेत केनेडी तोंडघशी पडले. सल्लागारांतल्या कोणी जोरकस विरोध केला नव्हता. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये क्षेपणास्त्रांचं संकट आलं तेव्हा ते सल्लागारांच्या काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत. राष्ट्राध्यक्ष समोर असले की लोक त्यांचा चेहरा पाहून बोलतात, म्हणून. सुरुवातीला हवाई हल्ल्याकडे कल होता. चर्चा होत होत नाकेबंदीचा पर्याय पुढे आला.

ओबामांनी २००९ पासून रोज रात्री लोकांची दहा पत्रं वाचायचा परिपाठ ठेवला. येणाऱ्या हजारो पत्रांतून ती निवडली जात. शिव्या घालणारी पत्रंही त्यात असावीत, असं त्यांनी बजावलं होतं.

सडेतोड

पण ती दहा पत्रं निवडणारे त्यांचेच कर्मचारी ना?

वाचनवेडी

हो. पण निवडणारे पत्रव्यवहार विभागातले होते, पुढची निवडणूक जिंकून देण्याची जबाबदारी त्यांच्यावर नव्हती. माझ्या मते हा फरक मोठा आहे. रोव्ह यांच्याकडे २००५ मध्ये धोरणाचं खातंही आलं आणि मतांचा हिशेबही होताच. इराकचा गट, मायर्स, स्थलांतर, सगळीकडे तीच माणसं दोन्ही कामं करताना दिसतात. ती आधी वेगळी करावीत, असं मला वाटतं.